समुद्रात पाडलेला उजेड

निगडीला समुद्र नाही, हे मला माझ्या सासऱ्यांनी सांगितलं. मी तिथे सहा वर्षं राहत होतो, पण माझं तिकडे कधी लक्षच गेलं नव्हतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. पिंपरीच्या एका कंपनीत मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होतो आणि निगडी गावठाणात काळभोरमावशींच्या इमारतीत तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. सासरे मालवणकडचे. चाळीस वर्षं मचव्यावर तांडेल होते, म्हणजे ते म्हणतील तिकडे मचवा वळायचा. (माझ्या घरात मी म्हणेन तिकडे स्टूलही वळत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.) सासूबाई गेल्यावर ते गावी एकटेच असायचे. एका पावसाळ्यात विहिरीवर घसरले आणि शेजारी येईपर्यंत तसेच पडून राहिले. हे कळल्यावर माझी बायको सुमन पहिल्या एसटीने गावी गेली आणि वडिलांना घेऊनच परतली.

आबा आले, पण मनाने आले नाहीत. ट्रंक कॉटखाली ढकलली, ती उघडली नाही. दारात खुर्ची टाकून पश्चिमेकडे तोंड करून बसले. आमच्या पश्चिमेला काळभोरमावशींचा गोठा होता. पाच म्हशी आणि आबा दिवसभर एकमेकांकडे बघत.

"जावयबापू, हंयसून दर्या केदो लांब?" त्यांनी पहिल्या संध्याकाळी विचारलं.

"बराच लांब आहे, आबा. पण जवळ पवना नदी आहे."

"नदी घेवन काय करू?" ते म्हणाले आणि परत म्हशींकडे वळले.

पुढे रोज जेवण झालं की हात धुता धुता ते एकच वाक्य म्हणत, "एक तारखेक जातंय मी." एक तारीख यायची. सुमन रडायची, मी गयावया करायचो, मग ते पुढच्या एक तारखेवर जायचे. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा काही ते ऐकायचे नाहीत, हे सुमनला कळून चुकलं होतं.

"तुम्ही काहीतरी करा ना," ती मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली. "त्यांचा जीव इथे कशात तरी गुंतला पाहिजे. मी त्यांना परत त्या विहिरीवर एकटं सोडणार नाही."

बायको जेव्हा 'काहीतरी करा' म्हणते तेव्हा नवऱ्याने फार मोठं काही करू नये, हे मला आता कळतं. तेव्हा मी तिशीत होतो. मी ठरवलं, आबांना समुद्र आणून द्यायचा.

गोड्या पाण्यातले मासे पाळणारे तेव्हा पुण्यात पुष्कळ होते. खाऱ्या पाण्यातले, तेही प्रवाळाच्या दगडांसकट, असं पाळणारा माझ्या ऐकिवात कोणी नव्हता. म्हणून मी स्वतःला पुणे जिल्ह्यातला पहिला म्हणवून घेत असे. (जिल्ह्यातल्या बाकीच्यांना विचारलं नव्हतं.) लोखंडी अँगलची चौकट मी स्वतः वेल्ड केली, गंजू नये म्हणून तिला तीन हात रंग दिला आणि जाड काचा बसवून साडेतीन फुटांची टाकी उभी केली. पहिल्या चाचणीत ती अशी गळली की गोठ्यातल्या म्हशी बसल्या जागी पाणी प्यायल्या. दुसऱ्या चाचणीत टिकली. मी टाकीभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या. पेढे वाटायचे तेवढे राहिले.

राहिलं समुद्राचं पाणी. चाकणचे इस्माईलभाई कांद्याचा ट्रक चालवायचे. कांदा घेऊन तळकोकणात जायचे आणि येताना बहुतेक रिकामे यायचे. आबांच्या पुतण्याला मी पत्र टाकलं आणि इस्माईलभाईंच्या हातात रिकामे कॅन दिले. चौथ्या दिवशी ट्रक दारात उभा. कॅनमध्ये पाणी, ओल्या गोणपाटात गुंडाळलेले दगड, त्यांना चिकटलेली समुद्रफुलं (नावाला फुलं, खरं तर ते जीवच), आणि एका अर्ध्या भरलेल्या कॅनमध्ये एक पट्ट्यापट्ट्यांचा मासा.

"भाऊ, घाटात पोलीसने गाडी अडवली," इस्माईलभाई सांगू लागले. "इचारतो, कॅनमधे काय हाय? मी बोललो, समुद्र हाय. तो बोलला, पिऊन गाडी चालवतो का?"

"मग?"

"मग त्याला घोटभर पाजलं. लगेच सोडलं."

टाकी भरली. दगड रचले. आबा खुर्ची सोडून पहिल्यांदाच आतल्या खोलीत आले. मग करंगळी पाण्यात बुडवून जिभेला लावली आणि म्हणाले, "पाणी आमच्या गावचा आसा."

एवढंच म्हणाले, पण खुर्ची उचलून टाकीसमोर आणून ठेवली. सुमन माझ्याकडे असं बघत होती की लग्नातही तिने तसं बघितलं नव्हतं. माझी छाती एवढी फुगली की दुसऱ्या दिवशी शर्टाचं एक बटण खरोखरच तुटलं.

इथे मी थांबायला हवं होतं. पण मी पडलो इलेक्ट्रिशियन, आणि टाकीवर अजून दिवा नव्हता.

कंपनीच्या वाचनालयात मत्स्यालयांवरचं एक इंग्रजी पुस्तक होतं. त्यातलं उजेडाचं प्रकरण मी तीनदा वाचलं. प्रवाळाला भरपूर उजेड लागतो, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. पुढचं प्रकरण शेवाळाचं होतं, ते मी सोडलं. मला शेवाळ पाळायचंच नव्हतं.

आधी एक ट्यूब लावली. फुलं उमलली. मी म्हटलं, एका ट्यूबवर एवढी उमलतात तर दोनवर किती उमलतील. दोन लावल्या. मग चार लावल्या. टाकी मुद्दाम पश्चिमेच्या खिडकीशी सरकवली, म्हणजे दुपारचं ऊनही फुकट जायला नको. पहाटे पाचला उठून दिवे लावायचे आणि रात्री नऊला बंद करायचे, असा माझा क्रम सुरू झाला. शिवाय मासा वाढीला लागावा म्हणून दिवसातून चार वेळा त्याला सुकटीचा चुरा.

आठ दिवसांत काचेवर तपकिरी साय धरली. मी ती पुसली. मग दगडांवर हिरवी लव दिसू लागली.

"अहो, हे हिरवं काय हो?" सुमनने विचारलं.

"जिवंत समुद्राचं लक्षण आहे," मी म्हणालो. "वाढ सुरू झाली."

वाढ खरोखरच सुरू झाली होती. लवेचे केस झाले, केसांच्या जटा झाल्या. समुद्रफुलं जटांखाली गेली. मला वाटलं, बिचाऱ्यांना उजेड पोहोचत नाहीये. म्हणजे उजेड कमी पडतोय! तेव्हा मी शेवटचं अस्त्र काढलं. कंपनीच्या भंगाराच्या लिलावात मी एक मर्क्युरीचा दिवा घेतला होता, रस्त्यावरच्या खांबावर असतो तो, चोकसकट. तो छताला टांगला आणि टाकीवर रोखला.

त्या दिव्याने आमच्या घरात दिवस मावळायचा बंद झाला. खिडकीतून तो उजेड थेट गोठ्यात पडे. चौथ्या दिवशी काळभोरमावशी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"आवं, त्यो तुमचा सूर्य कवा मावळतूया? म्हशींना रात झालेली कळंना झालीया. दूध चोरत्यात."

"मावशी, तो समुद्रासाठी आहे."

"मंग समुद्राचं दूध काढा. आमी दुसरीकडं कुटं नेऊ पाच जनावरं?"

त्या आत आल्या, टाकीत डोकावल्या आणि पदराने नाक झाकलं. "ह्यो समुद्र व्हय? आमच्या हौदात बी असलाच हाय. मी त्यात चुना टाकते."

मला फार राग आला. रागाच्या भरात मी तारेचा ब्रश घेतला आणि दगड खसाखसा घासले. पंधरा मिनिटांत सगळं शेवाळ दगडावरून सुटून पाण्यात मिसळलं. आता टाकीत हिरवे दगड दिसत नव्हते. काहीच दिसत नव्हतं. पाण्याची पातळी खाली गेली होती म्हणून मी वरून दोन तांबे पाणी ओतलं आणि समुद्र आहे म्हणून बरोबर मूठभर मीठही टाकणार, तेवढ्यात आबांनी माझा हात धरला.

"पाणी उडान जाता," ते म्हणाले. "मीठ खंय जातला? ता थंयच रवता."

मी मूठ परत बरणीत रिकामी केली. आबांना टाकीबद्दल काही ठाऊक असेल, असा विचार तेव्हाही माझ्या डोक्यात आला नाही. त्यांनी समुद्र नुसता चाळीस वर्षं पाहिला होता. मी पुस्तक वाचलं होतं.

आता कंपनीकडे येतो. टाकीच्या पहिल्या आठवड्यात, पाणी काचेसारखं स्वच्छ असताना, मी कँटीनमध्ये जरा जास्तच बोललो होतो. ते फिरत फिरत आता आमच्या चीफ इंजिनियरांच्या, कर्णिकसाहेबांच्या, कानावर गेलं. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "मिसेसना प्रवाळ बघायचंय. रविवारी पाचला येतो." नाही म्हणायची हिंमत मला झाली नाही. खरं सांगायचं तर इच्छाही झाली नाही.

रविवारी पाच वाजता साहेब आणि बाईसाहेब आले. त्यांच्यामागून इमारतीतली बिऱ्हाडं आली आणि सगळ्यांत पुढे काळभोरमावशी बसल्या. आबा त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत होते. मी खिडकीला चादर लावून खोलीत अंधार केला होता, म्हणजे एकदम दिवा लावला की डोळे दिपतील. प्रवाळ म्हणजे काय, ते कसं वाढतं, यावर मी छोटं भाषण केलं. मग बटण दाबलं.

मर्क्युरीचा दिवा एकदम लागत नाही. आधी अंधूक जांभळा होतो, मग हळूहळू चढतो. पाच मिनिटं जातात. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात लांब शिफ्ट.

दिवा चढला. साडेतीन फूट लांबीचा, झगझगीत, एकजीव हिरवा ठोकळा समोर उभा राहिला.

बाईसाहेब जवळ गेल्या. चष्मा सारखा करून बघितलं. सभ्य बाई होत्या. म्हणाल्या, "छान आहे. पालक का?"

"प्रवाळ याच्या मागे आहे," मी म्हणालो.

"आणि मासा?" साहेबांनी विचारलं.

"तोही मागेच आहे."

साहेब टाकीच्या मागे जाऊन बघून आले. तेवढ्यात वरून चर्र आवाज आला. हवेचे बुडबुडे सोडायच्या पंपामुळे गेले कित्येक दिवस खाऱ्या पाण्याचे बारीक तुषार उडत होते आणि ते माझ्या होल्डरवर, तारेच्या जोडांवर मिठासारखे साठले होते. (मिठासारखे कसले, मीठच ते.) निळी ठिणगी पडली, आणि आमचाच नव्हे, तर चारही बिऱ्हाडांचा फ्यूज गेला. खोलीत काळोख. कंपनीत मशीनचं अर्थिंग तपासून सही करणारा माणूस मी, आणि चीफ इंजिनियरांच्या देखत स्वतःच्या घरात हे.

"मेणबत्ती आण गं," मी सुमनला म्हणालो.

"नको," काळोखातून आबा बोलले. "दिवो लावू नका. रवांदे तसाच."

आमच्याकडे आल्यापासून आबा इतकी माणसं समोर असताना पहिल्यांदाच बोलत होते.

"इतको उजेड दर्याच्या तळाक खंय आसता? पावसात दर्या गढूळ होता, खाली काळोख. तेवा ह्या हिरव्याची मस्ती जिरता. हेका उपाशी ठेवा. काळोख घाला, खाणा कमी करा. आणि आमच्या खडपावरच्यो गोगलगायी आणा. त्यो दगड चाटून साफ करतत."

"किती दिवस काळोख ठेवायचा?" हा प्रश्न कर्णिकसाहेबांनी विचारला. माझ्याकडे बघून नाही, आबांच्या दिशेने.

"तीन दिस. मगे बघू."

फ्यूज मी बांधला. पाहुणे गेले. जाताना साहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सोमवारी वेळ मिळाला की तुमच्या सेक्शनमधली अर्थिंगं एकदा मी स्वतः बघतो."

त्या रात्री मी जेवलो नाही. मला वाटलं, आता आबा नक्की जाणार. सुमनने ताट झाकून ठेवलं आणि एवढंच म्हणाली, "आज आबा किती बोलले, मोजलंत का?" मी मोजलं नव्हतं. ती मोजत बसली होती.

दुसऱ्या दिवशी आबांच्या हुकमावरून टाकीवर दोन गोधड्या पडल्या. हवेचा पंप तेवढा चालू. खिडकीला सुमनने जाड पडदा शिवला. मला टाकीपासून चार हात दूर राहण्याची ताकीद होती. मी दीड दिवस राहिलो. मग संध्याकाळी आबा फेरी मारायला गेलेत असं बघून हळूच बॅटरी घेतली, गोधडीत डोकं घातलं आणि बटण दाबलं. पाठीत काठी बसली.

"मांजर शिरला वाटता," आबा सुमनला म्हणाले. मी आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं, कारण मांजराला त्यांनी कधी मारलं नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी गोधड्या काढल्या. जटा पांढुरक्या होऊन गळून पडल्या होत्या. आबांनी नारळाच्या काथ्याने काच पुसली, दगड हाताने एकेक वेचले आणि सुटलेला सगळा गाळ रबरी नळीने बाहेर ओढून घेतला. आठवड्याने इस्माईलभाई नव्या पाण्याचे कॅन आणि ओल्या फडक्यात वीस-पंचवीस गोगलगायी घेऊन आले. त्या बोराएवढ्या गोगलगायींनी, कसलाही आवाज न करता, जे काम केलं ते माझा तारेचा ब्रश करू शकला नव्हता. दगडांवर खालचा गुलाबी रंग दिसू लागला. समुद्रफुलं एकेक करून उघडली. आणि एका कपारीतून तो पट्ट्यापट्ट्यांचा मासा बाहेर आला. त्याचं तेरावं मी मनातल्या मनात कधीच उरकलं होतं.

टाकीवर एकच ट्यूब राहिली. सकाळी दहाला लावायची, संध्याकाळी सहाला बंद. बटण आबांच्या ताब्यात. मासा दिवसातून एकदा जेवायचा, तेही चिमूटभर. आबा रोज काचेवर बोट फिरवून किती लव धरली ते बघत आणि त्याप्रमाणे अर्धा तास वाढवत किंवा कमी करत. संध्याकाळी टाकीसमोर इमारतीतली माणसं जमत. काळभोरमावशी सुद्धा दूध घालायला आल्या की पाच मिनिटं टेकत आणि म्हणत, "आता दिसतूया समुद्रावानी."

मग एक तारीख आली. आबांनी महिन्यापूर्वीच इस्माईलभाईंना सांगून ठेवलं होतं की, मला ट्रकमधून घेऊन जा. ठरल्याप्रमाणे सकाळी दारात हॉर्न वाजला. सुमन पोळ्या टाकून बाहेर आली. मी कामावर जायला निघालो होतो, तो तसाच डबा हातात धरून उभा राहिलो.

आबा आत गेले. आम्हाला कॉटखाली ट्रंक सरकल्याचा आवाज आला. सुमनने डोळ्यांना पदर लावला.

आबा बाहेर आले तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत रिकामे कॅन होते. ट्रंक त्यांनी कॅन काढण्यासाठी बाजूला केली होती.

"तू जा," ते इस्माईलभाईंना म्हणाले. "येताना पाणी घेवन ये. लाटेचा भर, काठाचा नको. मी खंय येव? हंय दर्या कोण बघतलो?"

इस्माईलभाईंनी माझ्याकडे बघितलं. "हे हायेत की, तुमचे जावई."

"तेंका नको," आबा घाईघाईने म्हणाले.

मी त्या दिवशी कंपनीत पोहोचायला दहा मिनिटं उशीर केला. गेटवर लेट मार्क लागला. इतका आनंदाने घेतलेला लेट मार्क मला आठवत नाही.

पुढे आबा आमच्याकडे अकरा वर्षं राहिले. मासे बदलले, दगड वाढले, पण पाणी पुन्हा कधी हिरवं झालं नाही. कर्णिकसाहेबांनी स्वतःच्या बंगल्यात टाकी केली, तिचं पाणी हिरवं झालं, तेव्हा ते एका रविवारी वही घेऊन आमच्याकडे आले. दार मी उघडलं. माझ्या घरी चीफ इंजिनियर शिकायला आलेले! मी लगेच शर्टाची कॉलर नीट केली.

"या साहेब. उजेडाबद्दल विचारायचंय ना?"

"हो," ते म्हणाले, "आबा आहेत का घरात?"

त्यांना आबांसमोर बसवून मी चहा टाकायला आत गेलो. आणि चहा ओट्यावर उतू गेला. स्टोव्ह मी जरा जास्तच मोठा केला होता.